साक्षीत काय बोलू?

वकिली थांबवून मला आता बरीच वर्षं झाली, पण रबाळ्यातल्या माझ्या घरावरची पाटी मी काढलेली नाही. त्यामुळे रविवारी सकाळी चहाच्या वेळेला कुणीतरी येतंच. कुणाला भाडेकरार वाचून हवा असतो, कुणाचा साडेबारा टक्के योजनेतला भूखंड भावाभावांच्या वादात अडकलेला असतो. मध्यंतरी शेजारचा एक तरुण आला. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो कामाला आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर झालेल्या एका अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात त्याची साक्ष व्हायची होती. पाणी पिऊन झाल्यावर त्याने सरळ विचारलं, ‘‘काका, साक्षीत काय बोलू?’’

मंडळी, हा प्रश्न प्रत्येक वकिलाने कधी ना कधी ऐकलेला असतो. ‘मी काय पाहिलं ते ऐकून घ्या’ असं क्वचितच कुणी म्हणतो. ‘काय बोलू’ असंच विचारतात. त्यावर वकिलाने काय सांगावं, याचा दोन वेगवेगळ्या परंपरांनी खोलवर विचार केलेला आहे. एक परंपरा इंग्रजी अमदानीत आपल्याकडे आली. ती कोणत्याही धर्मग्रंथाचा आधार घेत नाही, तिला आपण लौकिक म्हणू. दुसरी यहुदी धर्मशास्त्राची. ती आपल्याला दूरची वाटेल, पण माझी आणि तिची गाठ पडली ती ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरच. ती कशी पडली हे सांगायचं तर आधी माझी एक चूक सांगायला हवी.

वकिलीत मी नवखा होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या पट्ट्यात त्या काळात भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे दावे पुष्कळ चालत. खाजणातली भातशेती, डोंगराकडची वरकस जमीन, सगळंच संपादनात गेलेलं. माझ्याकडे एक वयस्कर शेतकरी आले. त्यांची तक्रार खरी होती. त्यांच्या वरकस जमिनीत आंब्याची चार झाडं होती आणि पंचनाम्यात एकाचीही नोंद नव्हती. मी उत्साहाने त्यांना कायदा समजावून सांगितला. झाडांचा मोबदला जमिनीपेक्षा वेगळा धरतात, फळझाड असेल तर त्याचं वय आणि उत्पन्न पाहतात, झाडं जितकी जास्त तितकी रक्कम जास्त, वगैरे. यातला एक शब्दही खोटा नव्हता. चार दिवसांनी ते परत आले तेव्हा झाडं अकरा झाली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी अकराच लिहिली.

उलटतपासणीत सरकारी वकिलांनी त्यांना फक्त एवढंच विचारलं, की ही अकरा झाडं कुठे कुठे होती ते बोट दाखवून सांगा. ते चारपर्यंत नीट बोलले, पुढे अडखळले. न्यायाधीशांनी झाडांबाबतची त्यांची सगळी साक्षच अविश्वसनीय ठरवली. खोटी सात झाडं गेली आणि त्यांच्याबरोबर खरी चारही गेली. बाहेर आल्यावर म्हातारबाबा मला काही बोलले नाहीत. चपला घातल्या आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.

त्या दिवशी बाररूममध्ये मी गप्प बसलो होतो. माझ्या शेजारी एक ज्येष्ठ वकील बसत. ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. घरची भाषा मराठी, मूळ गाव अलिबागकडचं. मी झाला प्रकार सांगितला आणि वर म्हणालो, ‘‘साहेब, मी काही खोटं सांगितलं नव्हतं. मी फक्त कायदा सांगितला.’’ ते हसले नाहीत. ‘‘आमच्या तालमुदात असाच एक वकील आहे,’’ ते म्हणाले, ‘‘आणि तो तर मोठा रब्बी होता.’’

त्यांनी सांगितलेली ती गोष्ट मी नंतर वाचून पडताळून घेतली. तिसऱ्या शतकात रब्बी योहानान नावाचे फार मोठे धर्मपंडित होऊन गेले. त्यांच्या काही नातेवाइकांच्या घरी वडिलांची विधवा पत्नी होती. तिला रोज औषधोपचार लागत आणि त्याचा खर्च वारसांवर पडे. कायदा असा होता, की ज्या उपचाराला शेवट नाही तो पोटगीत धरायचा, म्हणजे खर्च वारसांचा. पण ज्या उपचाराची रक्कम ठरलेली आहे तो खर्च बाईच्या विवाहकरारातल्या हक्काच्या पैशातून वळता करायचा. नातेवाईक सल्ल्याला आले. रब्बी योहानान यांनी सांगितलं, वैद्याशी एकरकमी ठराव करून टाका. काम झालं. खर्च मुलांच्या डोक्यावरून उतरून त्या बाईच्या पदरी पडला. आणि मग रब्बींना पश्चात्ताप झाला. आपण न्यायाधीशांपुढे बाजू मांडणाऱ्या वकिलांसारखं वागलो, असं ते म्हणाले. आधी त्यांना वाटलं होतं, की नात्यातल्या माणसाकडे पाठ फिरवू नये. नंतर वाटलं, की लोक ज्याच्याकडे आदर्श म्हणून पाहतात त्याने तरी हे करायला नको होतं.

या गोष्टीत खोटं कुणीच बोललेलं नाही. सल्ला कायद्याला धरून होता. तरीही तो देणाऱ्याच्या मनाला लागला, कारण त्या सल्ल्याने ज्या बाईचं नुकसान झालं ती तिथे हजर नव्हती आणि तिला सल्ला द्यायला कुणी नव्हतं. आपल्या लौकिक कायद्यात वकिलाच्या वागण्याचे नियम पुष्कळ आहेत, पण बरोबर सल्ला दिल्याबद्दल वाईट वाटून घ्यायची जागा त्यांत कुठे नाही.

या यहुदी विचाराच्या मुळाशी काय आहे ते पाहू. त्यांच्या जुन्या न्यायपद्धतीत वकील नव्हताच. दोन्ही पक्षकारांनी स्वतः न्यायाधीशांपुढे उभं राहायचं आणि आपल्या तोंडाने बोलायचं. एक पक्ष हजर नसताना दुसऱ्याचं म्हणणं न्यायाधीशाने ऐकायचंच नाही. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात न्यायाधीशांना ताकीद आहे, की पक्षकाराची बाजू रचून देणाऱ्या वकिलांसारखं वागू नका. पुढच्या काही भाष्यकारांनी ही ताकीद न्यायाधीशांपुरती न ठेवता कायदा जाणणाऱ्या प्रत्येक पंडिताला लागू केली.

त्यांचा दुसरा आधार म्हणजे असत्यापासून दूर राहा ही तोराची आज्ञा. ‘खोटं बोलू नका’ याच्याही ती पुढे जाते. तालमुदात तिची उदाहरणं दिली आहेत ती वाचताना मला आमचं ठाणे कोर्टच आठवलं. समजा, एखाद्याचं शंभराचं येणं आहे. दोनशेचा दावा लावला तर समोरचा घाबरून शंभर तरी कबूल करील आणि मग त्याला शपथेत अडकवता येईल, असा विचार त्याने करू नये. येणं खरं असलं तरी दावा फुगवायचा नाही. दुसरं उदाहरण तिघांचं. तिघांचं मिळून एकाकडे शंभर येणं आहे. तर एकाने वादी आणि दोघांनी साक्षीदार बनून त्याला गाठू नये. येणं इथेही खरंच आहे, फक्त मार्ग वाकडा आहे. माझ्या अकरा झाडांचा निकाल दीड हजार वर्षांपूर्वीच लागून गेला होता म्हणायचा.

अर्थात व्यवहार कुणाला चुकत नाही. व्यापार वाढला, माणसं दूरदूरच्या गावी गेली. मुखत्यारपत्र देऊन दुसऱ्याला आपल्या जागी उभं करण्याची सोय यहुदी धर्मशास्त्रालाही करावी लागली. जोसेफ कारो यांनी सोळाव्या शतकात ‘शुल्हान आरूख’ ही धर्मसंहिता तयार केली, तिच्यात या विषयाला स्वतंत्र प्रकरणं आहेत. आज इस्रायलच्या धर्मन्यायालयांत परवानाधारक वकील काम करतात आणि त्यांत स्त्रियाही आहेत. वकील आला तो असा गरजेपोटी आला. त्यामुळे त्याच्याविषयीचा संशय मात्र पुरता गेला नाही.

आमच्या कोकणातल्या बेने इस्रायलांना हे तालमुदी पांडित्य फार उशिरा मिळालं. नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. शतकानुशतकं ते कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांत तेलाच्या घाण्यावर जगले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनवार तेली’ झाले. गावांची नावं आडनावांत आली. केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. समाजातले तंटे त्यांचा मुकादम आणि पंच मिटवत, तिथेही ज्याने त्याने स्वतःच बोलायचं. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ त्यांचं ‘गेट ऑफ हेवन’ हे प्रार्थनामंदिर १८७९ पासून उभं आहे. रबाळ्याहून लोकलने ठाण्याला उतरलं की मी अजून कधीतरी तिकडून चक्कर मारतो. कोर्टापासून ते चालत काही मिनिटांवर आहे.

आता दुसऱ्या परंपरेकडे वळू. मुंबईचं उच्च न्यायालय १८६२ मध्ये स्थापन झालं आणि त्याच्याबरोबर इंग्रजी वकिलीचे संकेत आले. त्या संकेतांचं टोक पाहायचं असेल तर १८२० मध्ये जावं लागेल. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याने आपल्या राणीला, कॅरोलाइनला, दूर करण्यासाठी पार्लमेंटात विधेयक आणवलं. तिचे वकील हेन्री ब्रूहम यांनी सभागृहात स्पष्ट सांगितलं, की वकिलाला जगात एकच माणूस ठाऊक असतो, तो म्हणजे त्याचा पक्षकार. त्याला वाचवताना दुसऱ्या कुणाचं, अगदी देशाचंही काय होईल, हे त्याने पाहायचं नसतं. हे वाक्य पुढे दीडशे-दोनशे वर्षं वकिलांनी अभिमानाने आणि टीकाकारांनी रागाने उगाळलं.

या विचारामागचा हिशेब साधा आहे. सत्य एकट्या माणसाला सापडत नाही. दोन बाजूंनी जोर लावावा, मधल्या तिऱ्हाइताने निवाडा करावा. प्रत्येक वकिलाने आपली बाजू नीट ओढली तरच दोरी ताठ राहते. म्हणून वकिलाने आपलं मन, आपलं मत दाराबाहेर ठेवायचं. पक्षकार दोषी वाटतो की निर्दोष, हे त्याने ठरवायचं नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ ने पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं गुपित राखण्याचं बंधन घातलं. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम १३२ मध्ये ते बंधन कायम आहे. गुन्हा करण्यासाठीच सल्ला घेतला असेल तर मात्र हे कवच मिळत नाही.

माणूस वेगळा आणि त्याची भूमिका वेगळी, याचं ठळक उदाहरण मराठी वाचकाला पाठ असतं, पण या बाजूने आपण त्याच्याकडे पाहत नाही. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. १९०८ मध्ये दुसरा खटला झाला, तेव्हा न्यायासनावर तेच दावर होते. त्यांनी जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. लोकांना हा विश्वासघात वाटला. इंग्रजी संकेताप्रमाणे त्यात काही वावगं नव्हतं. १८९७ चे शब्द वकिलाचे होते, दावर या माणसाचे नव्हते.

मिश्नाचा एक नियम याच्याशेजारी ठेवून पाहा. देहदंडाच्या खटल्यात ज्याने आरोपीला सोडावं म्हणून मत मांडलं, त्याला नंतर उलटून शिक्षेच्या बाजूने बोलता येत नाही. शिक्षेच्या बाजूने बोललेल्याला मात्र सुटकेच्या बाजूला येता येतं. हा नियम एकाच खटल्यापुरता आहे, तो दावरांना लागू होत नाही. पण त्यातली दृष्टी बघण्यासारखी आहे. तुम्ही कुणाच्या बचावासाठी तोंड उघडलंत तर तो शब्द तुमचा. तो भूमिकेच्या झग्याबरोबर खुंटीला टांगून घरी जाता येत नाही.

टिळकांवर १९१६ मध्ये तिसऱ्यांदा कारवाई झाली. बेळगाव आणि अहमदनगर इथल्या स्वराज्यावरच्या भाषणांबद्दल पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. त्यांच्या बाजूने बॅरिस्टर जीना उभे राहिले. त्यांच्या जोडीला जोसेफ बॅप्टिस्टा होते आणि एक बेने इस्रायली बॅरिस्टरही होते, डेव्हिड एरुळकर. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला. टिळकांना आपल्या हयातीत राजद्रोहाच्या आरोपावर मिळालेला हा मोठा विजय. खटला चालवला चित्पावन ब्राह्मणाचा, चालवला एका खोजा मुसलमानाने, एका ख्रिस्त्याने आणि एका यहुद्याने. लौकिक वकिलीचं हे मोठंच देणं आहे. पक्षकार कुठल्या जातीधर्माचा, हे तिला विचारावं लागत नाही.

पण एरुळकरांचं वेगळेपण इतकंच नाही. त्या काळात बेने इस्रायल समाज सरकारी नोकरीत आणि पलटणीत मोठ्या संख्येने होता. राजकारणापासून दूर राहावं, असं त्यांच्यातल्या अनेकांना वाटे. एरुळकरांनी जेकब आपटेकरांच्या साथीने ऑल इंडिया इस्रायलाइट लीग उभी केली आणि समाजाला राष्ट्रीय चळवळीच्या बाजूला ओढलं. न्यायालयात त्यांनी ज्या मताची बाजू घेतली, त्याच मताने ते बाहेरही वागले. डेव्हिड यांचे भाऊ डॉ. अब्राहम एरुळकर महात्मा गांधींच्या उपासांच्या वेळी त्यांची प्रकृती पाहत असत.

या दोन परंपरांचा खरा सामना पुढे अमेरिकेत झाला आणि तो एका यहुदी माणसाच्याच डोक्यात झाला. मनरो फ्रीडमन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने १९६६ मध्ये फौजदारी वकिलापुढचे तीन सर्वांत अवघड प्रश्न मांडले. साक्षीदार खरं बोलतोय हे माहीत असताना त्याला उलटतपासणीत खोटं पाडावं का? आपला पक्षकार खोटी साक्ष देणार हे ठाऊक असताना त्याला पिंजऱ्यात उभं करावं का? आणि तिसरा, कायदा समजावून सांगितला तर पक्षकार खोटं बोलायला मोहात पडेल अशी शंका असताना तो सांगावा का? फ्रीडमन यांनी तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असं दिलं. काही न्यायाधीश इतके खवळले, की त्यांची सनदच काढून घ्यावी अशी मागणी त्यांनी केली. त्यांत पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झालेले वॉरन बर्गरही होते. ती मागणी टिकली नाही. फ्रीडमन २०१५ मध्ये वारले तेव्हा वकिली नीतिशास्त्राचे थोर अभ्यासक म्हणून त्यांचं नाव झालेलं होतं.

तिसरा प्रश्न म्हणजे रब्बी योहानान यांचाच प्रश्न, आणि माझा आंब्याच्या झाडांचा. फ्रीडमन यांचं म्हणणं होतं, की कोणती गोष्ट महत्त्वाची आहे हे पक्षकाराला कळतच नसतं. कायदा सांगितल्याशिवाय खरी, उपयोगी हकीकतही त्याच्या तोंडून येत नाही. यात तथ्य आहे, आणि आमच्या भागातल्या माणसाला ते लगेच पटेल. संपादन करणाऱ्या खात्याकडे कायदा जाणणारी माणसं पगारावर असतात. खाजणातल्या शेतकऱ्याला मात्र झाडाचा मोबदला वेगळा मिळतो हेही ठाऊक नसतं. तेही त्याला सांगायचं नाही म्हटलं, तर अडाणीपणाची शिक्षा फक्त गरिबाला होईल. रब्बी योहानान यांच्या गोष्टीत सल्ला घेणारे बळकट होते आणि विधवा दुबळी होती. माझ्या गोष्टीत सल्ला घेणाराच दुबळा होता. म्हणून ‘सल्लाच देऊ नये’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

आपल्या लौकिक नियमांनीही ब्रूहमचं टोक जसंच्या तसं उचललेलं नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली भारतीय बार कौन्सिलने केलेले नियम वाचा. वकिलाने पक्षकाराचा केवळ भोंगा बनू नये, पक्षकाराला गैरमार्गापासून रोखण्याचा प्रयत्न करावा, असं त्यांत स्पष्ट आहे. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या हिश्शावर फी ठरवायलाही बंदी आहे. आमच्याकडच्या मोबदल्याच्या दाव्यांत तो नियम किती पाळला गेला, हे गावच्या पारावर विचारलं तर कुणीही सांगेल. त्याच नियमांत दुसरीही बाजू आहे. आपल्या पक्षकाराचं हित सर्व रास्त मार्गांनी निर्भयपणे जपावं, आणि आरोपी दोषी आहे असं स्वतःला वाटलं तरी त्याचा बचाव करावा.

या शेवटच्या मुद्द्यावर मात्र दोन्ही परंपरा एकत्र येतात. वकिलावर संशय घेणारं यहुदी धर्मशास्त्र देहदंडाच्या खटल्यात एकदम वेगळं बोलू लागतं. तेवीस न्यायाधीश बसत. सुरुवात सुटकेच्या बाजूने करायची. सुटकेच्या बाजूने समोर बसलेला विद्यार्थीसुद्धा बोलू शकतो, शिक्षेच्या बाजूने नाही. सुटकेला एका मताचं आधिक्य पुरतं, शिक्षेला दोन मतांचं लागतं. आणि सगळ्यात आश्चर्याचं म्हणजे, तेवीसच्या तेवीस जणांनी एकमताने दोषी ठरवलं तर आरोपी सुटतो. त्याच्या बाजूने एकालाही काही सापडलं नसेल, तर बचाव नीट शोधलाच गेला नाही, असा त्यामागचा विचार. हे नियम लिहिले गेले तेव्हा यहुद्यांच्या हाती देहदंडाचा अधिकार उरला नव्हता, त्यामुळे ते पुष्कळसे आदर्श म्हणूनच राहिले, हेही खरं. पण १९०८ मध्ये टिळकांच्या खटल्यात सात गोऱ्या ज्यूरींनी दोषी म्हटलं, दोन पारशी ज्यूरींनी निर्दोष म्हटलं आणि दावरांनी सातांचं ऐकलं, हे आठवलं की त्या आदर्शाची किंमत कळते.

आदर्शाची परीक्षा रागाच्या दिवसांत होते. इस्रायलमध्ये १९८० च्या दशकात जॉन देमयान्युक नावाच्या माणसावर खटला चालला. त्रेब्लिंका छळछावणीतला क्रूर पहारेकरी ‘इव्हान द टेरिबल’ तो हाच, असा आरोप होता. त्याचा बचाव योराम शेफ्टेल या यहुदी वकिलाने केला. १९८८ मध्ये त्यांच्या तोंडावर ॲसिड फेकलं गेलं. फेकणारा स्वतः नाझी संहारातून वाचलेला होता. त्याची वेदना खोटी म्हणता येणार नाही. देमयान्युकला फाशी सुनावली गेली होती, पण १९९३ मध्ये इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने, तो तोच माणूस आहे याबद्दल वाजवी शंका उरते म्हणून, त्याला सोडलं. पुढे २०११ मध्ये जर्मनीत दुसऱ्या छावणीतल्या कामाबद्दल तो दोषी ठरला आणि अपील चालू असतानाच वारला. म्हणजे तो साधू नव्हता. पण ज्या गुन्ह्यासाठी त्याला फासावर चढवत होते, तो त्याचा ठरला नाही.

आणि आपल्या मुंबईत २६ नोव्हेंबर २००८. त्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण मारले गेले. पकडलेल्या कसाबचं वकीलपत्र घ्यायचं नाही, असा ठराव वकिलांच्या एका संघटनेने केला. न्यायालयाने अंजली वाघमारे यांना नेमलं तर त्यांच्या घरावर निदर्शनं झाली. पुढे, हल्ल्यातल्याच एका साक्षीदाराच्या भरपाईच्या दाव्यात त्या वकील आहेत, हे निदर्शनाला आल्यावर त्यांना बदलून अब्बास काझमींना नेमण्यात आलं. त्याच खटल्यात फहीम अन्सारी या भारतीय आरोपीचे वकील होते शाहिद आझमी. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ३ मे २०१० रोजी निकाल लागला. कसाब दोषी ठरला. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हल्ल्याच्या कटाच्या आरोपातून सुटले, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम केली. सगळे आरोपी एकाच रागाने पाहिले असते, तर हा फरक कुणी केला असता?

माझे ते ज्येष्ठ सहकारी तोवर हयात होते. त्यांच्या समाजाच्या मंडळींवर झालेला तो घाव. वकीलपत्र घ्यायचं नाही या ठरावाबद्दल मी त्यांना फोनवर विचारलं. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘‘माझा हात सही करायला थरथरला असता. पण नाही म्हणायचा हक्क मला कोण देणार?’’

तेव्हा मला त्या दोन्ही परंपरांची सांगड लागली असं वाटतं. वकिलाचं तोंड दोन वेळा उघडतं. एकदा हकीकत घडवली जाण्याआधी, बंद खोलीत, समोरचा पक्ष नसताना. आणि एकदा उघड्या न्यायालयात, सगळ्या जगाचं बोट ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी. पहिल्या वेळी यहुदी परंपरा ओठ आवळायला सांगते, आणि तिचं ऐकावं. त्या खोलीत मी फक्त भूमिका नसतो, माणूसही असतो, आणि जो तिथे नाही त्याचाही मी काही लागतो. दुसऱ्या वेळी दोन्ही परंपरा सांगतात, बोल. तिथे गप्प बसणं हाच अधर्म. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपण म्हणतो. पण जे चढतात त्यांच्यासोबत कुणीतरी शहाणा चढायला हवाच.

तर, त्या तरुणाला मी काय सांगितलं? माझ्या म्हाताऱ्या पक्षकाराच्या वेळी मी आधी कायदा सांगितला आणि मग हकीकत विचारली. क्रम चुकला होता. सहकाऱ्यांच्या त्या गोष्टीनंतर मी आयुष्यभर तो उलटा केला. आधी माणसाला बोलू द्यायचं, तो बोलतो ते त्याच्यासमोर कागदावर लिहून काढायचं आणि मगच कायदा समजावायचा. कायदा लपवायचा नाही, पण हकीकतीच्या आधी तो सांगायचाही नाही.

मी वही घेतली आणि त्याला म्हणालो, ‘‘तू काय पाहिलंस ते सांग.’’ त्याने सांगितलं. ट्रक भरधाव होता, ब्रेक कर्कश वाजला, मोटारसायकलवाला उडून दुभाजकावर आपटला. ‘‘सिग्नल कुठला होता?’’ मी विचारलं. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘काका, माझी पाठ होती तिकडे. पण वकिलांनी सांगितलंय, लाल होता म्हण.’’

मी लिहिलं, ‘सिग्नल दिसला नाही.’ त्याला वाचून दाखवलं. ‘‘एवढंच बोल,’’ म्हटलं, ‘‘तू जे खरंच पाहिलंस ते त्या घरातल्या माणसांना पुष्कळ उपयोगी पडेल. जे पाहिलं नाहीस ते बोललास, तर पाहिलेलंही वाया जाईल.’’ त्याला ते कितपत पटलं कुणास ठाऊक. चहा मात्र त्याने पूर्ण घेतला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)